मल्लखांबाचा शिक्षणक्रम : पहिल्या अढीपासून पूर्ण संचापर्यंत

मल्लखांबाच्या इतिहासाची मांडणी बहुधा दोन अंगांनी केली जाते : एकीकडे बाळंभटदादा देवधर यांच्यासारख्या आद्य गुरूंच्या कथा आणि दुसरीकडे खांबाच्या टोकावर तोल साधणाऱ्या निष्णात खेळाडूंच्या करामती. या दोहोंच्या मधला भाग, म्हणजे खांबाला पहिल्यांदा हात लावणारा नवशिक्या कोणत्या क्रमाने तयारीचा खेळाडू होतो, तो क्रम कोणत्या परिस्थितीत घडला आणि पुढे कसा बदलत गेला, हा विषय त्यामानाने उपेक्षित राहिला आहे. वास्तविक कुस्तीच्या आखाड्यातील हे पूरक साधन राजाश्रय संपल्यानंतरही स्वतंत्र विद्या म्हणून टिकून राहिले, याचे मोठे श्रेय या मधल्या पायऱ्यांकडे जाते. अलौकिक कसब एखाद्या पिढीबरोबर संपू शकते. परंतु सामान्य शरीराच्या मुलाला टप्प्याटप्प्याने पुढे नेणारा क्रम एकदा बसला, की गुरू बदलले, गाव बदलले किंवा राज्य बदलले, तरी विद्या चालू राहते. मल्लखांबाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

क्रमाचा विचार करण्यापूर्वी साधनाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. पुरलेला मल्लखांब हा शिसवी किंवा सागवानी लाकडाचा, गोल घडवलेला आणि वर निमुळता होत जाणारा खांब असून जमिनीवर त्याची उंची साधारण अडीच मीटर असते, तर आणखी काही भाग जमिनीत घट्ट पुरलेला असतो. खालच्या जाड भागाचा घेर अर्ध्या मीटरहून किंचित अधिक असतो. त्यावरील निमुळत्या भागाला अंग म्हणतात. त्याच्यावर एकदम बारीक होणारी मान आणि सर्वांत वर वाटोळे बोंड अशी त्याची रचना असते. या रचनेत मानवी शरीराची आठवण ठेवलेली दिसते, कारण मुळात हा खांब म्हणजे मल्लाचा न थकणारा प्रतिस्पर्धी होता : त्याच्या कमरेला मिठी घालायची, मानेला कवळायचे, पायांनी आवळायचे आणि कुस्तीत लागणारी पकड अंगी मुरवायची. खांबाला एरंडेल तेल चोळले जाते. तेलामुळे कातडी सोलवटत नाही हा त्याचा उघड उपयोग. परंतु तेल लावलेल्या लाकडावर केवळ कातडीच्या घर्षणाने शरीर टिकत नसल्यामुळे स्नायूंना खरी पकड घ्यावीच लागते, हा त्याचा अधिक महत्त्वाचा परिणाम होय. ही पकड फारच सुटू लागली, तर अंगाला राळेची पूड लावण्याची पद्धत आहे.

खांबावरील मेहनतीचा उल्लेख असलेला एक प्राचीन ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेला ‘मानसोल्लास’. प्रत्येकी वीस अध्यायांच्या पाच भागांत विभागलेल्या या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना मल्लविनोद, म्हणजे कुस्तीचा खेळ, सविस्तर आला आहे. त्यात मल्लांच्या रोजच्या मेहनतीचे प्रकार सांगितले असून वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातील सलिलश्रम यांच्या जोडीला स्तंभश्रमही आहे. ‘श्रम’ ही या ग्रंथातील व्यायामासाठीची संज्ञा असल्याने स्तंभश्रम म्हणजे खांबाशी केलेली मेहनत असा त्याचा सरळ अर्थ होतो. याच प्रकरणात मल्लांची ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल अशी प्रतवारीही केलेली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही प्रतवारी लक्षणीय ठरते, कारण पदरी असलेल्या मल्लांना एकाच मापाने न मोजता त्यांच्या वेगवेगळ्या पायऱ्या मानाव्यात, ही कल्पना दरबारी व्यवहारात रुजलेली होती, असे तिच्यावरून दिसते. मात्र येथे पायऱ्या आहेत त्या मल्लाच्या, खांबावरील कौशल्याच्या नव्हेत. खांब हा अजून अनेक साधनांपैकी एक आहे.

गुजरातेतील मोढेरा येथील ज्येष्ठीमल्ल या ब्राह्मण मल्लांच्या परंपरेशी निगडित असलेल्या ‘मल्लपुराण’ या संस्कृत ग्रंथातही स्तंभश्रमाला स्थान आहे. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात व्यायामाचे सोळा प्रकार सांगितले असून आखाड्यातील मेहनत, पाण्यातील मेहनत, पायऱ्या चढणे, अंगमर्दन यांच्या बरोबरीने खांबावरील मेहनत येते. आहार, ऋतू आणि मल्लाची ताकद पाहून मेहनतीचे प्रमाण ठरवावे, ही या ग्रंथाची दृष्टी असल्यामुळे नवख्या शरीरावर एकदम भार टाकू नये, हा पुढील काळातील आखाड्यांचा नियम किती जुना आहे, याची कल्पना येते. तरीही या दोन्ही ग्रंथांतील खांब कुस्तीचा सेवक आहे. त्याला स्वतःचा शिक्षणक्रम मिळण्यासाठी आधी त्याला स्वतःचे गुरू मिळणे आवश्यक होते, आणि ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मिळाले.

नाशिकजवळ गोदाकाठी असलेल्या कोठुरे गावचे बाळंभटदादा देवधर हे मल्लखांबाचे आद्य प्रवर्तक मानले जातात. परंपरेने जपलेल्या कथेनुसार निजामाकडील अली आणि गुलाब नावाच्या दोन पैलवानांनी पुण्याच्या दरबारात येऊन आव्हान दिले, ते स्वीकारायला कोणी पुढे येईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते उचलले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगी देवीची त्यांनी आराधना केली, देवीच्या कृपेने प्रत्यक्ष मारुतीने लाकडी खांबावर कुस्तीतील पकडी करून दाखवल्या आणि त्या विद्येच्या बळावर त्यांनी आव्हान परतवून लावले, असे ही कथा सांगते. तिच्याकडे दरबारी नोंद म्हणून पाहता येत नाही; परंतु विद्येच्या स्वरूपाविषयी ती बरेच काही सांगून जाते. अंगापिंडाने मोठ्या असलेल्या पैलवानांसमोर लहान चणीच्या मुलाला उभे राहायचे असेल, तर वजनापेक्षा चपळाई, लवचिकपणा आणि पकड यांवर भर द्यावा लागतो, आणि खांबावर उलटसुलट होणारे शरीर हेच तीन गुण कमावते. कथेतील मारुतीही खांबाशी झटापट करीत नाही, तर त्याच्यावर चढतो आणि त्याच्याभोवती फिरतो. जमिनीवर उभे राहून खांबाला भिडणारा मल्ल आणि जमीन सोडून खांबावर राहणारा मल्लखांबपटू यांच्यातील फरक येथे प्रथम स्पष्ट होतो.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी बाजीरावाला कानपूरजवळच्या बिठूर, अर्थात ब्रह्मावर्त, येथे ठेवले. त्याच्याबरोबर जी मंडळी उत्तरेत गेली, त्यांत बाळंभटदादाही होते, आणि त्यामुळे या विद्येचे केंद्र काही काळ गंगाकाठी हलले. काशीमध्ये त्यांच्या परंपरेचा आखाडा उभा राहिला आणि त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांचे नाव या परंपरेत आदराने घेतले जाऊ लागले. बिठूरच्या वाड्यात वाढलेले नानासाहेब पेशवे, तसेच तात्या टोपे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांनीही मल्लखांबाचे धडे घेतले होते, असे परंपरा मानते. या स्थलांतराचा शिक्षणाच्या पद्धतीवर झालेला परिणाम मात्र कथांपेक्षा अधिक दूरगामी होता. पुण्याच्या दरबारात शिकणारा बहुतेक वेळा आधीच मल्ल असे. त्याची मेहनत, खुराक आणि कुस्ती ठरलेली असून खांब हे त्याच्या तयारीचे एक अंग होते. दरबार गेल्यावर खुराकाची सोय असलेले मल्ल कमी झाले आणि आखाड्यात येणारे पुष्कळसे विद्यार्थी कुस्तीची पूर्वतयारी नसलेले मुलगे असू लागले. अशा मुलांना थेट अवघड प्रकार देणे शक्य नव्हते. त्यांना खांबावरच पहिल्यापासून घडवावे लागले, आणि त्यातूनच सोप्याकडून अवघडाकडे जाणारा, तोंडी परंपरेने चालणारा क्रम पक्का होत गेला.

या क्रमातील पहिली खरी पायरी म्हणजे अढी. खांबावरील एकेका कृतीला आखाड्याच्या बोलीत उडी म्हणतात, आणि उड्यांच्या निरनिराळ्या गटांना अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, उतरती, झाप, फेकी, ताजवे अशी नावे आहेत. अढी म्हणजे उलटे होऊन दोन्ही पायांनी खांब आवळणे. नवशिक्या खांबासमोर उभा राहून डोक्याच्या उंचीवर दोन्ही हातांनी त्याला कवळतो, जमिनीवरून रेटा देऊन कंबर उचलतो आणि पाय डोक्यावरून खांबाकडे फेकतो. खांब मांड्यांच्या मध्ये आला, की एक पाय दुसऱ्यावर चढवून मांडी, गुडघ्याची मागची बाजू आणि पोटरी यांची गाठ घट्ट करतो. या क्षणी डोके खाली, पाय वर आणि सारा भार पायांच्या गाठीवर असतो. हात अजून खांबाला चिकटलेले असतात, कारण ते सोडण्याचे धैर्य पहिल्या दिवशी होत नाही. गुरू एका हाताने पाठीला आधार देतो, दुसऱ्याने पायांची गाठ सरळ करतो आणि गाठ बसल्याची खात्री झाली, की हात सोडायला सांगतो. हात सुटूनही शरीर खाली घसरले नाही, की विद्यार्थ्याच्या मनातील भीती एकदम ओसरते. त्यानंतर पोटाच्या स्नायूंनी धड वर उचलून खांबावर सरळ बसायचे, म्हणजे अढी पुरी झाली. पूर्वी खाली आखाड्याची मऊ केलेली लाल माती असे, आता गाद्या अंथरतात. मांडीच्या आतल्या बाजूला उमटणारे वळ मात्र त्या काळाप्रमाणे आजही पहिल्या महिन्यांची खूण मानले जातात.

नवशिक्याची ही अवस्था केव्हा संपते, याचे उत्तर आखाड्यांनी किती उड्या येतात या मोजणीत शोधले नाही. एकच अढी डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही अंगांनी सारखी पडते का, हात कितीही वेळ मोकळे राहू शकतात का आणि उतरताना विद्यार्थी धपकन पडतो की ताब्यात राहून पाय टेकतो, या तीन गोष्टी पाहून गुरू त्याला पुढे सोडत असे. दोन्ही अंगांचा आग्रह कुस्तीतून आला आहे, कारण ज्याला एकाच बाजूने डाव मारता येतो त्याला प्रतिस्पर्धी लवकर ओळखतो. परंतु खांबावर या आग्रहाचा आणखी एक उपयोग झाला, तो म्हणजे मणका आणि खांदे एकाच बाजूला पिळले जाऊन येणारी इजा टळली. उतरण्याला दिलेले महत्त्वही असेच अर्थपूर्ण आहे. उतरती हा उड्यांचा स्वतंत्र गट मानला गेला आणि डोके खाली ठेवून ताबा न सोडता खांबावरून खाली येणे हे कौशल्याचे लक्षण ठरले, म्हणजे चढण्याइतकेच उतरणेही शिकवण्याचा विषय झाले.

तयारीच्या खेळाडूचा टप्पा सुरू होतो तो उड्या एकमेकींना जोडण्यापासून. नवशिक्या एक उडी मारून खाली येतो. तयारीचा खेळाडू एका पकडीतून दुसरीत जातो आणि मधल्या क्षणी, जेव्हा जुनी पकड सुटलेली आणि नवी पूर्ण बसलेली नसते, तेव्हाही तोल राखतो. या टप्प्यासाठी बगली, फिरकी, वेल आणि सुईदोरा हे गट विशेष उपयोगी ठरतात. बगलीत खांब काखेत धरून दंड, खांदा आणि बरगड्या यांनी शरीराचा भार पेलायचा असतो, त्यामुळे आतापर्यंत पायांवर असलेली भिस्त वरच्या धडाकडे येते. फिरकीत खांबाभोवती शरीर वळवायचे असून पकड क्षणाक्षणाला बदलत राहते. वेलीत झाडाला वेढे घेत चढणाऱ्या लतेप्रमाणे शरीर खांबाभोवती वळसे घेत वर सरकते, आणि यात हात व पाय यांचे काम आळीपाळीने चालावे लागते. सुईदोऱ्यात खांब धरलेल्या स्वतःच्याच हातांच्या फटीतून शरीर ओवून काढायचे असल्याने लवचिकपणा आणि पकड या दोन गुणांची एकाच वेळी कसोटी लागते. या चारही गटांत खांबाचा स्पर्श शरीराच्या निरनिराळ्या अवयवांकडे जातो आणि विद्यार्थी केवळ हातापायांनी खांब धरणे सोडून सर्वांगाने धरायला शिकतो. त्यानंतरच मानेवर आणि बोंडावर करायचे तोलाचे प्रकार, म्हणजे ताजवे, त्याला खुले होतात.

पुरलेल्या खांबाच्या जोडीला परंपरेने आणखी दोन साधने घडवली आणि शिक्षणक्रमाला त्यांचाही आधार मिळाला. टांगता मल्लखांब हा आकाराने लहान असून साखळीला आणि हुकाला टांगलेला असतो. तो झुलतो आणि स्वतःभोवती फिरतो, म्हणून पुरलेल्या खांबावर पक्की झालेली पकड येथे पुन्हा नव्याने कमवावी लागते. वेताचा मल्लखांब हा दुसरा प्रकार पुढे चांगला वेत मिळणे कठीण झाल्यामुळे सुती दोरीवर आला आणि आज दोरीचा मल्लखांब म्हणूनच ओळखला जातो. दोरीवरील पहिला धडा पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी पकडण्याचा असतो. ही चिमटी बसल्याशिवाय वर चढता येत नाही. दोरीला गाठ मारायची नाही, केवळ वेढे घेऊन शरीर अडकवायचे आणि त्याच वेढ्यांतून योगासनांसारख्या स्थिती साधायच्या, हा नियम असल्याने येथील मधल्या टप्प्यावर ताकदीइतकीच स्मरणशक्तीची गरज भासते : कोणता वेढा आधी घेतला आणि कोणता आधी सोडायचा, याचा क्रम चुकला तर खेळाडू अडकून पडतो किंवा एकदम सुटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही परंपरा उत्तरेतून पुन्हा मराठी मुलखाकडे आणि मराठी संस्थानांकडे वळली. ग्वाल्हेर, उज्जैन, इंदूर, बडोदा, सांगली, मिरज या ठिकाणी आखाडे उभे राहिले. उज्जैन आणि ग्वाल्हेरकडील प्रसारात अच्युतानंद स्वामींचे नाव प्रमुख मानले जाते. बडोद्यात जुम्मादादा या मुसलमान उस्तादाच्या आखाड्यात त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव तयार झाले आणि सयाजीराव गायकवाड यांच्या संस्थानात जुम्मादादा व्यायाम मंदिराचा लौकिक झाला. माणिकरावांनी अनेकांनी एकाच वेळी, हुकमांवर करायच्या संघव्यायामाची पद्धत रूढ केली. एका गुरूसमोर एक शिष्य ही आखाड्याची पद्धत आणि एका शिक्षकासमोर रांगेत उभे असलेले विद्यार्थी ही शाळेची पद्धत यांचा सांधा येथे जुळला, आणि मल्लखांबाचा तोंडी क्रमही वर्गाला शिकवता येईल अशा स्वरूपात आणण्याची गरज निर्माण झाली.

ही गरज ग्रंथाच्या रूपाने पुरी करण्याचे काम बडोद्याचेच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी केले. त्यांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांत भारतीय व्यायामप्रकारांचे चित्रांसह वर्णन आले असून मल्लखांबालाही त्यात मोठी जागा मिळाली. गुरूच्या हाताच्या आधाराने जे समजत होते, ते पायरीपायरीने लिहिले गेल्यामुळे ज्या गावात गुरू नाही तेथील शिक्षकालाही सुरुवात कशी करावी हे कळू लागले. विदर्भात हेच काम संस्थेने केले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी स्थापन केले. मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांचे वर्ग चालवले आणि त्या वर्गांतून बाहेर पडलेल्या शिक्षकांबरोबर मल्लखांब दूरच्या शाळांत पोहोचला. याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. प्रात्यक्षिकाची ख्याती मोठी झाली. परंतु विद्येच्या प्रसाराच्या दृष्टीने पाहता उन्हाळी वर्गांचे काम त्याहून मोलाचे होते.

शहरांतही याच सुमारास नव्या संस्था उभ्या राहिल्या. पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले आणि मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ मध्ये श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू झाले. या संस्थांत येणारी मुले मध्यमवर्गीय, शाळेत जाणारी आणि आखाड्याच्या काळापेक्षा लहान वयाची होती. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना कुस्ती खेळायची होती. परिणामी खांबाचा उद्देश बदलला. कुस्तीची पकड कमावण्याऐवजी शरीराचा डौल, तोल, लवचिकपणा आणि धीटपणा ही उद्दिष्टे ठरली, आणि सहा-सात वर्षांच्या मुलालाही अढी शिकवता येते हे सिद्ध झाले. मुलींचा प्रवेश हा या बदलाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. आखाड्याची रीत पुरुषांपुरती होती. व्यायाम मंदिरांनी मुलींसाठी प्रामुख्याने दोरीचा मल्लखांब खुला केला आणि पुढे पुरलेल्या खांबावरही मुली उतरल्या. त्यांच्यासाठी पोशाख आणि सुरुवातीच्या उड्या यांचा वेगळा विचार करावा लागला, त्यामुळे नवशिक्याच्या टप्प्याचे स्वरूप अधिक बारकाईने आखले गेले.

क्रमाला नियमाचे रूप दिले ते स्पर्धांनी. १९५८ मध्ये दिल्लीतील राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांच्या वेळी मल्लखांब राष्ट्रीय पातळीवर आला आणि काही वर्षे तो जिम्नॅस्टिक्सच्या छायेत राहिला. जानेवारी १९८१ मध्ये उज्जैन येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी भारतीय मल्लखांब महासंघाची स्थापना झाली आणि नव्या नियमावलीने खेळाला स्वतंत्र चौकट मिळाली. स्पर्धेत खेळाडू जी सलग उड्यांची मालिका सादर करतो तिला संच म्हणतात; संचाला ९० सेकंदांची मर्यादा असते, काठिण्यानुसार उड्यांची वर्गवारी केलेली असते आणि वयोगटांनुसार अपेक्षा ठरतात. त्यामुळे पूर्वी गुरूच्या नजरेवर सोपवलेला निर्णय, म्हणजे विद्यार्थी तयारीच्या टप्प्यावर पोहोचला की नाही, आता कागदावर मोजता येऊ लागला. यातून फायदा झाला तसाच तोटाही झाला. गुण मिळवून देणाऱ्या उड्या सर्वत्र सारख्या शिकवल्या जाऊ लागल्या, वेगवेगळ्या गावांच्या मुलांची तुलना शक्य झाली आणि खेळाचा दर्जा उंचावला. परंतु ज्या उड्यांना नियमावलीत फारसे मोल नाही, त्या कित्येक आखाड्यांतून विरळ होत गेल्या, आणि हळूहळू मुरवण्याचा मधला काळ स्पर्धेच्या तारखेच्या दडपणाखाली आखूड झाला.

मल्लखांबाच्या या क्रमाची तुलना आज पाश्चात्त्य देशांतून जगभर पसरलेल्या पोल डान्स किंवा पोल क्रीडेशी वारंवार केली जाते. तिच्या उगमाचा धागा अमेरिकेतील फिरत्या जत्रांमधील नृत्यांशी आणि सर्कशीतील चिनी खांबाशी जोडला जातो. पुढे तिने व्यायामशाळांत प्रवेश केला, २००९ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या जागतिक संघटनेने तिला निरीक्षकाचा दर्जा दिला. पोल क्रीडेतील अनेक मंडळी मल्लखांबाला आपला पूर्वज मानतात. तथापि दोन्हींतील साम्य वंशावळीपेक्षा उभ्या खांबाच्या गुणधर्मांतून आलेले दिसते, कारण खांब उभा असला की शरीराला चढणे, आवळणे, उलटे होणे आणि उतरणे हे चारच मार्ग मोकळे राहतात. फरक मात्र क्रमात आहे. पोल क्रीडेचा खांब धातूचा, साधारण ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि कोरडा असतो; उघड्या कातडीच्या घर्षणावर पकड अवलंबून असते; नवशिक्या आधी खांबाभोवती गिरक्या घेणे, चढणे आणि खांबावर बसणे शिकतो आणि आधाराशिवाय ताब्यात राहून उलटे होणे ही मध्यम टप्प्यात शिरण्याची खूण मानली जाते. मल्लखांबात उलटे होणे, म्हणजे अढी, हाच पहिला धडा आहे. खांब जाड असल्याने तो बोटांच्या मुठीत मावत नाही आणि तेलामुळे हातांची पकड लवकर सुटते. म्हणून शरीरातील सर्वांत बळकट अवयवांकडे, मांड्यांकडे, भार सोपवणे हेच तेथे सोपे आणि सुरक्षित ठरते. एका खेळात ज्या कृतीने पहिला टप्पा संपतो, तिनेच दुसऱ्यात तो सुरू होतो, आणि याचे कारण शिकवणाऱ्यांच्या आवडीनिवडीत नसून खांबाच्या जाडीत आणि तेलात आहे. मधल्या टप्प्याचे सूत्र मात्र दोन्हींकडे एकच आहे : दोन्ही अंगांनी सराव करायचा, सुट्या कृती जोडायच्या आणि उतरण्यावर ताबा मिळवायचा.

गेल्या काही वर्षांत मल्लखांबाला मान्यता देणाऱ्या घटना एकामागून एक घडल्या. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये त्याला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२० मध्ये या खेळाच्या प्रशिक्षकाला प्रथमच द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, त्यानंतर हिमानी परब आणि सागर ओव्हळकर यांना अर्जुन पुरस्कार लाभले. २०२२ मध्ये गुजरातेतील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाला आणि २०२४ मध्ये समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे पद्मश्रीने सन्मानित झाले. छत्तीसगडमधील नारायणपूर आणि तमिळनाडूतील विलुप्पुरम यांसारख्या, मराठी आखाड्यांची परंपरा नसलेल्या ठिकाणी आज उत्तम खेळाडू तयार होतात, याचा अर्थ हा क्रम आता भाषा आणि प्रदेश यांच्या पलीकडे गेला आहे.

या सगळ्या प्रवासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. बाराव्या शतकातील स्तंभश्रम मल्लासाठी होता, पेशवाईतील खांब दरबारासाठी होता, व्यायाम मंदिरातील खांब शाळकरी मुलांसाठी आणि आजचा स्पर्धेसाठी आहे. प्रत्येक वेळी ज्यांनी नव्या प्रकारच्या शिकणाऱ्यासाठी मधल्या पायऱ्या नव्याने बांधल्या, त्यांच्याच हाती ही विद्या टिकली. स्पर्धेच्या नियमावलीत न मावणाऱ्या उड्या, त्यांची स्थानिक नावे आणि त्या शिकवण्याचा क्रम अजूनही जुन्या आखाड्यांतील वयोवृद्ध शिक्षकांच्या स्मरणात आहे. व्यायाम ज्ञानकोशाने एकदा जे काम केले, ते या उरलेल्या ज्ञानासाठी पुन्हा करण्याची वेळ आली असून महासंघाने आणि जुन्या व्यायाम संस्थांनी ते चित्रफितींसह नोंदवून ठेवण्याचे काम आता लांबणीवर टाकू नये.